बारा तारा, एक कडवं: 'द बर्ड्‌स'चं पहिलं गाणं आणि त्यात कोण वाजवत होतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमचा पाच जणांचा बँड आहे, ओव्या आणि भारुडं गिटार-ड्रमवर बसवून गाता, आणि पहिलं गाणं रेकॉर्ड करायला स्टुडिओ ठरवलाय. स्टुडिओवाले म्हणतात, गळे तुमचे राहू द्या, पण ड्रम आणि बेस आमच्या वादकांकडून वाजवून घेऊ, तुमची मुलं अजून कच्ची आहेत. तुमची समजूत घालताना त्यांनी 'द बर्ड्‌स' या अमेरिकन बँडचा दाखला दिला. १९६५ साली त्यांचं पहिलंच गाणं, 'मिस्टर टँबरिन मॅन', अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि त्यात बँडमधल्या एकट्यानेच वाद्य वाजवलं होतं म्हणे. हे खरं का, खरं असेल तर ते यश बँडचं म्हणायचं का, आणि तुम्ही काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

खरं आहे. पण तुम्हाला त्यातला अर्धाच भाग सांगितला गेलाय. मी तीसेक वर्षं स्टुडिओत गिटार वाजवतो, आणि त्यातली बरीच वर्षं दुसऱ्यांच्या बँडमधल्या कुणाच्या तरी जागी बसून वाजवलेली आहेत. म्हणजे तुमच्या प्रश्नात मी पलीकडच्या बाजूचा माणूस आहे. त्या बाजूने बघतानाही माझं मत असं झालंय की ते गाणं बर्ड्‌सचंच होतं. का, ते जरा सविस्तर सांगतो.

आधी माणसं बघू. लॉस एंजेलिसमध्ये १९६४ साली ट्रूबडोर नावाच्या क्लबात, जिथे लोकगीतं गाणारी मंडळी जमायची, तिथे जिम मॅकग्विन (हाच पुढे रॉजर मॅकग्विन झाला) आणि जीन क्लार्क भेटले. डेव्हिड क्रॉस्बी येऊन मिळाला. तिघांचाही पिंड लोकसंगीताचा. मॅकग्विन शिकागोच्या 'ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक'मध्ये बँजो आणि गिटार शिकलेला. नंतर आला ख्रिस हिलमन. तो ब्लूग्रासचा (अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतलं, तंतुवाद्यांवरचं संगीत) मँडोलिनवादक, बेस गिटार त्याने इथे येऊन हातात घेतली. ड्रमर मायकल क्लार्क (जीनचा कुणी नव्हे, इंग्रजीत स्पेलिंगही वेगळं) हा तर ड्रमर म्हणावा असा नव्हताच. सुरुवातीला त्याच्याकडे ड्रम नव्हते, पुठ्ठ्याची खोकी मांडून त्यावर तो सराव करायचा. 'तुमची मुलं कच्ची आहेत' हे वाक्य त्यांनाही लागू होतं, यात शंका नाही.

काटेकोरपणे बोलायचं तर हे त्यांचं पहिलं गाणं नव्हतंच. १९६४ च्या शरदात त्यांची एक रेकॉर्ड 'बीफीटर्स' या नावाने निघाली होती आणि ती कुणी विचारली नाही. त्याच नोव्हेंबरात कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, आणि महिनाअखेरीस नाव ठरलं 'बर्ड्‌स'. इंग्रजीतल्या पक्ष्यातला 'आय' काढून तिथे 'वाय' घातला. कराराच्या वेळी माइल्स डेव्हिसने त्यांच्यासाठी कंपनीत शब्द टाकला होता. जॅझमधला एवढा मोठा माणूस, आणि त्याच्या एका शब्दामुळे लोकगीतं गाणाऱ्या पोरांना दार उघडलं.

आता गाणं. 'मिस्टर टँबरिन मॅन' हे बॉब डिलन या अमेरिकन गीतकार-गायकाचं. टँबरिन म्हणजे आपली खंजिरी म्हणावी अशी, पण डिलनच्या मनात होता ब्रूस लँगहॉर्न या गिटारवादकाकडचा एक भला मोठा तुर्की डफ. डिलननेच पुढे तसं सांगितलंय. शाहिराच्या हातातला डफ डोळ्यांपुढे आणा, त्याला आतून बारीक घुंगरं लावा, म्हणजे अंदाज येईल. डिलनने जून १९६४ मध्ये रॅम्ब्लिन जॅक एलियट या लोकगायकाला सोबत घेऊन ते एकदा रेकॉर्ड केलं आणि बाजूला ठेवून दिलं. बर्ड्‌सचा मॅनेजर जिम डिक्सन याने त्याच रेकॉर्डिंगची प्रत मिळवली. डिलनची स्वतःची आवृत्ती अजून बाजारात यायची होती. म्हणजे हे 'जुन्या गाजलेल्या गाण्याचं नवं रूप' नव्हतं. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या कानावर हे गाणं पहिल्यांदा पडलं ते बर्ड्‌सच्याच आवाजात.

बँडला गाणं आधी आवडलंच नव्हतं. आवडावं तरी कसं? साडेपाच मिनिटांचं गाणं, चार लांबलचक कडवी, ध्रुवपद पाच वेळा, चाल दोन मात्रांच्या ठेक्यावर रेंगाळणारी. डिक्सनने मात्र हट्ट धरला. तुम्ही बँड म्हणून पुढचे काही महिने काय कराल, त्याचं उत्तर इथून पुढे आहे, म्हणून हा भाग नीट वाचा.

डिक्सनचं वर्ल्ड पॅसिफिक नावाच्या स्टुडिओत येणं-जाणं होतं. रात्री स्टुडिओ रिकामा झाला की तो बँडला तिथे तालमीला बसवायचा. आणि नुसती तालीम नाही, प्रत्येक वेळी टेप चालू. वाजवायचं, मग बसून तेच ऐकायचं. आपण वाजवताना जे ऐकतो आणि स्पीकरमधून जे बाहेर येतं, त्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. तो फरक कानाला कळेपर्यंत बहुतेक बँड फुटलेले असतात. बर्ड्‌सना तो काही महिन्यांत कळला. त्या तालमींच्या टेप १९६९ मध्ये अल्बम म्हणून निघाल्या, तुम्हाला ऐकायला मिळतील. त्यात हेच गाणं आहे, आणि त्यात ड्रमचा ठेका सैनिकी संचलनासारखा ताडताड वाजतोय. गाणं पायात अडखळतंय. गळे मात्र आधीच जुळलेले आहेत. ती टेप ऐकून मग रेकॉर्ड ऐकलीत तर दोन्हींमधलं अंतर तुम्हाला कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

डिलन स्वतः एकदा त्यांच्या तालमीला येऊन गेला. आपलंच गाणं या पोरांकडून ऐकून त्याला नवल वाटलं ते याचं, की यावर नाचता येतंय.

आता बारा तारांविषयी, कारण माझ्या मते गाणं पहिल्या क्रमांकावर नेणारी खरी गोष्ट तीच, आणि याबद्दल मी हातचं राखून बोलू शकत नाही.

१९६४ मध्ये बीटल्सचा सिनेमा आला, त्यात जॉर्ज हॅरिसनच्या हातात रिकनबॅकर कंपनीची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार होती. मॅकग्विनने ती पडद्यावर पाहिली आणि तसलीच मिळवली. बारा तारांच्या गिटारीत सहा जोड्या असतात. खालच्या सुरांच्या चार जोड्यांमध्ये एक तार नेहमीची आणि दुसरी बरोबर एक सप्तक वरची, उरलेल्या दोन जोड्यांमध्ये दोन्ही तारा एकाच सुराच्या. दोन तारा कितीही नीट लावल्या तरी त्यांच्यात केसभर फरक राहतोच, आणि त्या फरकातून ती झिलई येते. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांमधून जे आपल्याला मिळतं, त्याच जातीची ही गोष्ट. बहुतेक बारा तारांच्या गिटारींवर वरून खाली छेडताना आधी बारीक तार लागते आणि मग जाड. रिकनबॅकरवर हा क्रम उलटा असतो. आधी जाड तार बोलते आणि तिच्या पाठोपाठ वरच्या सप्तकातली बारीक तार चमकून जाते. ऐकताना असं वाटतं की प्रत्येक सुराच्या शेपटीला घुंगरू बांधलंय. माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या गिटारी आहेत. एकच सुरावट एकीवर वाजवली की गोड लागते, दुसरीवर वाजवली की बर्ड्‌सची आठवण होते. हात तोच असतो.

त्यावर मॅकग्विनचा हात बँजोचा. अंगठा आणि तर्जनीत पट्टी धरलेली, मधल्या दोन बोटांना नख्या लावलेल्या, आणि सूर एकामागोमाग एक सुटे सुटे ओघळत येणारे. गाण्याच्या सुरुवातीचा तो तुकडा डिलनच्या गाण्यात नाही, मॅकग्विनने घातलाय, आणि त्यात बाखच्या सुरावटीची छाया आहे असं तो स्वतः सांगत आला. पहिल्या दोन सेकंदांत माणसाला कळतं की हे अमुक गाणं आहे. रेडिओच्या जमान्यात याची किंमत काय होती, ते वेगळं सांगायला नको.

आणखी एक गोष्ट ध्वनिमुद्रकाच्या टेबलावर घडली. तार छेडली की आवाज उसळतो आणि लगेच खाली बसतो. बारा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारीवर तर तो फारच पटकन मरतो. कोलंबियाचा ध्वनिमुद्रक रे गेरहार्ट याने मॅकग्विनची गिटार अ‍ॅम्प्लिफायरमधून न घेता थेट टेबलात घेतली आणि तिच्यावर भरपूर कंप्रेसर लावला. कंप्रेसर वरचं उसळणं दाबतो, त्यामुळे मागची शेपटी वर उचलून घेता येते. सूर लांबतो, टिकतो, जवळजवळ बाजाच्या पेटीसारखा धरून राहतो. मॅकग्विनला तो आवाज इतका आवडला की पुढे जन्मभर तो त्याच आवाजाच्या मागे राहिला. तुमच्या स्टुडिओत हे करून बघायला पैसे लागत नाहीत. गिटार थेट इंटरफेसमध्ये घाला, कंप्रेसरवर कंप्रेसर चढवा, आणि दाबलेला आवाज कुठे गुदमरायला लागतो तिथे जरा मागे या.

मुद्रण झालं २० जानेवारी १९६५ ला, हॉलिवूडमधल्या कोलंबियाच्या स्टुडिओत. निर्माता टेरी मेल्चर, अभिनेत्री डोरिस डेचा मुलगा, वय अवघं बावीस. त्याने ठरवलं की बँड अजून तयार नाही. ड्रमवर हॅल ब्लेन, बेसवर लॅरी नेक्टल, साथीच्या गिटारीवर जेरी कोल, आणि इलेक्ट्रिक पियानोवर लिऑन रसेल. रसेलचा पियानो शेवटच्या मिश्रणात कानाला लागतच नाही. ही त्या काळच्या लॉस एंजेलिसमधली सर्वांत मागणी असलेली मंडळी. बीच बॉइज या बँडच्या रेकॉर्डवर हीच, निर्माता फिल स्पेक्टरच्या रेकॉर्डवर हीच. मेल्चरने ठेकाही बीच बॉइजच्या एका संथ गाण्याच्या वळणावर बेतला. डिलनचा दोन मात्रांचा ठेका चारचा झाला, आणि गाण्याला ती डोलणारी चाल मिळाली. सुरुवातीला गिटार एकटी येते आणि मग नेक्टलचा बेस घसरत खाली उतरतो, ती जागा कान देऊन ऐका. गाणं तिथे जमिनीवर पाय टेकवतं.

बँडमधला मॅकग्विन एवढाच वाजवायला होता. गायला मॅकग्विन, जीन क्लार्क आणि क्रॉस्बी. हिलमन आणि मायकल क्लार्क यांना त्या दिवशी काही काम नव्हतं.

आता मोजा. गाणं निवडलं बँडच्या माणसांनी, म्हणजे त्यांच्या मॅनेजरने, आणि महिनोन् महिने घासलं बँडने. सुरुवातीची सुरावट मॅकग्विनची. गिटारचा आवाज त्याचा. तीन गळ्यांचं ते जुळणं तिघांचं, आणि ते बाहेरून विकत मिळत नाही. मॅकग्विनने सांगितलंय की डिलन आणि बीटल्समधला जॉन लेनन यांच्या मधोमध कुठेतरी आपला आवाज ठेवायचा असं त्याने ठरवलं होतं, आणि ध्रुवपदावर क्रॉस्बीचा वरचा स्वर येतो तेव्हा ते गाणं कुणाचंच राहत नाही, फक्त त्यांचं होतं. बाहेरच्या वादकांनी काय दिलं? एक भरवशाचा, न हलणारा ठेका. फार मोलाची गोष्ट आहे ती, माझं पोट त्यावरच चाललंय, म्हणून मी तिला कमी लेखणार नाही. पण हॅल ब्लेनने त्याच महिन्यात आणखी किती गाण्यांवर वाजवलं असेल. त्यातली सगळी काही पहिल्या क्रमांकावर गेली नाहीत.

कडव्यांबद्दलही तुम्हाला सांगायला हवं, कारण भारुडं गाणाऱ्यांना हा प्रश्न रोज पडतो. बर्ड्‌सनी चारपैकी एकच कडवं ठेवलं, दुसरं, ज्यात गाणारा जादूच्या जहाजातून सफरीला न्यायची विनवणी करतो. आधी ध्रुवपद, मग ते कडवं, मग ध्रुवपद, आणि गिटारची तीच सुरावट वाजत वाजत गाणं विरतं. अडीच मिनिटांच्या आत सगळं संपतं. रेडिओवर तीन मिनिटांपुढची गाणी लावायला तेव्हा फारसं कुणी तयार नसे, हे एक कारण. डिलनच्या गाण्यात रात्रभर जागलेला, थकलेला माणूस पहाटेपर्यंत चालत जातो, आणि तो प्रवास चार कडव्यांशिवाय होत नाही. बर्ड्‌सच्या गाण्यात तो प्रवास नाही. त्यात फक्त हाक आहे. मला विचाराल तर रेकॉर्डसाठी हे बरोबर झालं आणि गाण्याचं नुकसानही झालं, दोन्ही एकाच वेळी. तुम्ही नाथांचं भारूड अडीच मिनिटांत बसवणार असाल तर कोणतं कडवं ठेवलं की गाण्याचा जीव राहतो, हे बँडने बसून ठरवा. हा निर्णय स्टुडिओवर सोडू नका.

गाणं जानेवारीत झालं तरी रेकॉर्ड निघाली १२ एप्रिलला. मधल्या काळात बँडने काय केलं, तर सनसेट बुलेव्हार्डवरच्या सिरोज या क्लबात वाजवायला सुरुवात केली. मार्च महिना. लोक नाचायला येऊ लागले, सिनेमावाले येऊ लागले, रस्त्यावर रांगा लागल्या. २६ मार्चला डिलन स्वतः त्यांच्याबरोबर मंचावर चढला. रेकॉर्ड निघेपर्यंत शहरात नाव झालेलं होतं.

२६ जून १९६५ च्या आठवड्यात गाणं बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाच्या हॉट हंड्रेड यादीत पहिल्या क्रमांकावर आलं. एकच आठवडा. त्याच्या आधीच्या आठवड्यात तिथे फोर टॉप्स हा गायकांचा गट होता, नंतरच्या आठवड्यात पुन्हा तोच परत आला, आणि त्यानंतर रोलिंग स्टोन्सनी चार आठवडे जागा अडवली. डिलनने लिहिलेलं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाण्याची ही पहिली वेळ. खुद्द डिलनच्या आवाजातलं गाणं त्या यादीत कधी त्या जागी पोचलं नव्हतं. ब्रिटनमध्ये जुलैअखेर गाणं दोन आठवडे वर होतं, आणि ५ ऑगस्टला बीटल्सच्या नव्या गाण्याने त्याला खाली ढकललं.

आपल्याकडे 'नंबर एक' म्हटलं की जुन्या श्रोत्यांना अमीन सयानींचा आवाज आणि बिनाका गीतमालेतली पायदानं आठवतात. बिलबोर्डची यादीही तशीच एका आठवड्याची मोजणी होती. दुकानदार काय खपलं ते कळवायचे, रेडिओ केंद्रं काय वाजवलं ते कळवायची, आणि दोन्हींची सांगड घालून क्रम लावला जायचा. ब्रिटनमध्ये तर तेव्हा एकच अधिकृत यादी नव्हती, निरनिराळी साप्ताहिकं आपापली यादी छापत. आज आपण जो 'ब्रिटनमधला पहिला क्रमांक' म्हणतो तो बहुतेक वेळा 'रेकॉर्ड रिटेलर' या व्यापारी साप्ताहिकाच्या यादीवरून. म्हणून पहिला क्रमांक म्हणजे त्या आठवड्यात बाकीच्यांपेक्षा पुढे, इतकाच अर्थ घ्यायचा. या गाण्याचं मोठेपण त्या एका आठवड्यात मावत नाही. त्याच जूनमध्ये बिलबोर्डने 'फोक रॉक' (लोकगीतं रॉकच्या वाद्यांवर) हा शब्द छापला, आणि पुढच्या काही महिन्यांत तसल्या गाण्यांची रीघ लागली. जूनच्या मध्यावर कोलंबियाच्याच टॉम विल्सन या निर्मात्याने सायमन आणि गारफंकेल या गायकजोडीच्या एका जुन्या, नुसत्या गिटारीवरच्या गाण्यावर इलेक्ट्रिक वाद्यं चढवली, दोघांना न विचारता. ते गाणं जानेवारी १९६६ मध्ये पहिलं आलं.

एक गोष्ट ओघात सांगतो, कारण आपल्या वाचकांना तिचं अप्रूप वाटेल. वर्ल्ड पॅसिफिक, जिथे बर्ड्‌सची तालीम चालायची, ती पंडित रविशंकरांच्या रेकॉर्ड काढणारी कंपनी. क्रॉस्बीला रविशंकरांचं वेड लागलं ते त्या वर्तुळात. ऑगस्ट १९६५ मध्ये बीटल्स लॉस एंजेलिसला आले तेव्हा क्रॉस्बी आणि मॅकग्विनने जॉर्ज हॅरिसनजवळ रविशंकरांच्या वादनाचं भरभरून वर्णन केलं. बारा तारांचा नाद हॅरिसनकडून मॅकग्विनकडे आला होता, आणि सतारीचा नाद उलट दिशेने गेला. हॅरिसनने त्याच वर्षी केलेल्या एका गाण्याची सुरावट मॅकग्विनच्या वादनावरून सुचल्याचं स्वतः मान्य केलं.

यशानंतरचे दोन धक्केही सांगायला हवेत. बर्ड्‌सनी पुढचं गाणंही डिलनचंच निवडलं, आणि तेच गाणं त्याच वेळी गायिका शेरने काढलं. शेरचं अमेरिकेत १५ व्या क्रमांकापर्यंत गेलं, बर्ड्‌सचं ४० वर अडलं, ब्रिटनमध्ये मात्र ते चौथं आलं. ऑगस्टमध्ये ते ब्रिटनच्या दौऱ्यावर गेले, तर आयोजकांनी 'बीटल्सना अमेरिकेचं उत्तर' अशी जाहिरात केलेली. लंडनच्या विमानतळावर उतरताच 'बर्ड्‌स' याच नावाच्या (पण 'आय' असलेल्या) एका ब्रिटिश बँडच्या वतीने कायदेशीर नोटिसा त्यांच्या हातात पडल्या. कार्यक्रमांत आवाजाची व्यवस्था खराब, वर्तमानपत्रांनी झोडपलं. रेकॉर्डवर हॅल ब्लेनचा ठेका ऐकून आलेल्या लोकांपुढे मायकल क्लार्क बसला होता, हे विसरू नका. तुमच्या स्टुडिओवाल्यांच्या सल्ल्याची किंमत नेमकी इथे मोजावी लागते. लोक तुमच्या कार्यक्रमाला येतील ते रेकॉर्ड कानात घेऊन.

पैशांची बाब तुम्ही विचारली नाहीत, पण मी सांगणार. त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला जीन क्लार्कने लिहिलेलं गाणं होतं, त्याच दिवशी त्याच वादकांनी वाजवलेलं. त्या काळात रेकॉर्ड विकली गेली की दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखेच पैसे मिळत, लोकांनी मागची बाजू लावली न लावली तरी. बँडमध्ये स्वतः भरपूर लिहिणारा तेव्हा जीनच होता. त्याच्या हातात पैसे खेळू लागले, बाकीच्यांच्या नाही, आणि त्यावरून धुसफूस सुरू झाली. १९६६ च्या सुरुवातीला जीन बाहेर पडला. त्याला विमानाची भीती वाटायची हे कारण पुढे केलं गेलं आणि ते खरंही होतं, पण एकटं नव्हतं. तुम्ही पारंपरिक ओव्या गाता, तेव्हा 'संगीत संयोजन' या शब्दापुढे कुणाचं नाव लागणार, त्याचा वाटा किती, हे पाचही जणांनी सही करून कागदावर लिहा. रेकॉर्डिंगच्या आधी लिहा.

आता तुमच्या ड्रमरविषयी. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बँडच्या पहिल्या गाण्यासाठी मला बोलावलं होतं. त्यांच्या गिटारवाल्या मुलाला स्टुडिओत येईपर्यंत काही सांगितलेलंच नव्हतं. तो गिटारची पेटी खांद्याला लावून आला, मला काचेच्या आत तारा लावताना बघितलं, आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिला. चार तास. मी वाजवलेली सुरावट त्याचीच होती, त्याच्या तालमीच्या फोनवरच्या रेकॉर्डिंगवरून मी उचललेली. संध्याकाळी जाताना तो माझ्याशी नीट बोलला, आवाजाचं कौतुकही केलं. महिन्याभरात त्याने बँड सोडला. त्यात माझाही वाटा होता असं मला अजून वाटतं, कारण मी आत बोलावून त्याला शेजारी बसवू शकलो असतो.

म्हणून सरळ सांगतो. स्टुडिओवाले म्हणतात तसं करायचं असेल तर करा, त्यात कमीपणा नाही. पण दोन अटी घाला. एक, ठेका तुमच्या ड्रमरचाच राहील. तुमच्या भारुडात त्याने जो दिमडीवरून ड्रमवर आणलेला ठेका तुम्ही मला पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये आहे, तो बाहेरच्या वादकाला त्याने स्वतः समोर बसून शिकवायचा. चांगला स्टुडिओ वादक शिकायला मागे-पुढे बघत नाही. दोन, हे एकाच गाण्यापुरतं. पुढचं गाणं तुमच्या हातांनी, लागतील तितके दिवस घेऊन.

बर्ड्‌सनी तेच केलं. त्या दोन बाजू सोडल्या तर पहिल्या अल्बममधलं सगळं पाचांनीच वाजवलं. हॅल ब्लेन वगैरे मंडळींनी तीन तासांत दोन गाणी संपवली होती. लोकगायक पीट सीगरच्या, बायबलमधल्या ओळींवर बांधलेल्या गाण्याला बँडला ७७ टेक (म्हणजे ७७ वेळा वाजवून बघणं) लागले, असं मॅकग्विन सांगत आला. ड्रमवर मायकल क्लार्कच होता. डिसेंबर १९६५ मध्ये ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आलं आणि तीन आठवडे तिथे राहिलं.